राजाचे बोलावणे आणि आपला हिशेब

युनियनच्या कचेरीत हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. विचारणारा कधी फिटर असतो, कधी सिग्नल विभागातला मेंटेनर, कधी लोको पायलट. म्हणणे थोड्याफार फरकाने एकच. बाहेरून बोलावणे आले आहे, पगार दीडपट देतो म्हणतात, जावे की न जावे? दुसऱ्या काहींना कोणाचीच चाकरी नको असते. गावी मोटार रिवाइंडिंगचे दुकान टाकावे, थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण मुलाबाळांत राहावे, असे त्यांच्या मनात असते. दोघांनाही आमच्याकडून हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते.

असे एका शब्दाचे उत्तर देणे हे युनियनचे काम नव्हे. परंतु हिशेब कसा मांडावा हे सांगणे मात्र युनियनचे काम आहे. त्यासाठी वाचकांना आम्ही आज तंजावूरला नेणार आहोत. हाच प्रश्न तेथे दोनशे वर्षांपूर्वी एका माणसापुढे उभा राहिला होता. बोलावणे धाडणारा राजा मराठी होता, आणि त्या माणसाने दिलेले उत्तर सगळा दक्षिण देश आजही सांगतो.

तंजावूरचे मराठी राज्य आपल्या लोकांना ऐकून माहीत असते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी ह्यांनी सतराव्या शतकात ते स्थापन केले. त्या घराण्यातले दुसरे सरफोजी राजे 1798 ते 1832 पर्यंत गादीवर होते. राजा विद्येचा भोक्ता होता. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढविले, देवनागरी छापखाना काढला, आणि भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. पंडित, वैद्य, चितारी, गवई, नर्तक ह्यांना त्यांच्या पदरी चाकरी होती, आणि आजच्या भाषेत बोलायचे तर ती पक्की नोकरी समजली जात होती.

तंजावूरपासून सुमारे 13 किलोमीटरवर कावेरीच्या काठी तिरुवैयारू हे गाव आहे. तेथे त्यागराज राहत होते. जन्म 1767 सालचा, मृत्यू 1847 सालचा. मुलूख तमिळ, राजा मराठी, आणि हे गाणी रचीत तेलुगूत. रामाचे भक्त. सकाळी रामनाम गात गावातून फिरायचे आणि घरोघरचे मूठभर धान्य आणायचे. आपल्याकडच्या माधुकरीसारखाच हा रिवाज. घरी शिष्यांना शिकवायचे, आणि त्यांच्याही मुखी तेच अन्न पडायचे.

परंपरा अशी सांगते की, सरफोजी राजांनी त्यांना दरबारात गाण्यासाठी बोलावणे धाडले, सोबत मोठा नजराणा देऊ केला, आणि त्यागराजांनी तो नाकारला. त्या प्रसंगी त्यांनी कल्याणी रागात ‘निधि चाल सुखमा’ हे पद रचले असे म्हणतात. त्याचा मथितार्थ साधा आहे. सुख अधिक कशात, धनात की रामाच्या सान्निध्यात? आपल्याकडे तुकोबांनी शिवाजी महाराजांचा नजराणा परत केल्याची कथा सांगतात, त्याच जातीची ही कथा.

कथा येथे संपवून माणसे हात जोडतात. आम्ही कामगार संघटनेची माणसे. आम्हांला पुढचे दोन-तीन प्रश्न पडतात.

पहिला प्रश्न: घरच्यांचे काय झाले? त्यागराजांचे थोरले बंधू जपेश. चालून आलेली लक्ष्मी धाकट्याने परत पाठविली म्हणून ते इतके संतापले की त्यांनी पूजेतल्या मूर्ती कावेरीत फेकून दिल्या, असे परंपराच सांगते. ह्या कथेत बंधूंना खलनायक ठरविण्याची रीत आहे. आम्हांला ते तितकेसे पटत नाही. घरात चूल पेटवायची ज्याच्यावर पाळी येते तो चिडणारच. नकार एकाने दिला तरी त्याची किंमत साऱ्या घराला मोजावी लागते. होकाराचेही तसेच आहे. बाप चौदा तास बाहेर राहिला तर त्याचे मोल आई मोजते, पोरे मोजतात. म्हणून नोकरी घ्यायची की सोडायची हा निर्णय एकट्याने चहाच्या टपरीवर करायचा नसतो. तो घरात, सर्वांना बसवून करायचा असतो.

दुसरा प्रश्न: नकार देणे त्यागराजांना परवडले कसे? त्यांच्या त्यागाला आम्ही कमी लेखत नाही. परंतु चरित्रकार असेही सांगतात की, तिरुवैयारूचे त्यांचे घर वडिलांना तुळजा राजांकडून मिळालेले होते. म्हणजे डोक्यावर छप्पर होते. दुसरे म्हणजे, दारी गात येणाऱ्या भक्ताला मूठभर धान्य घालणे हा गावाचा धर्म होता. त्याच कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या खाचरात उभे राहून लावणी करणाऱ्या शेतमजुराला कोणी असे धान्य घालीत नव्हते. त्याला राजाचे बोलावणे तर सोडाच, मिरासदाराचे बोलावणेही नाकारता येत नव्हते. नकाराला मनाचे बळ लागते हे खरे, पण पाठीशी छप्पर आणि धान्यही लागते. हे ज्याच्यापाशी नाही त्याला ‘पैशाच्या मागे लागू नकोस’ असा उपदेश करणे ही त्याची थट्टा आहे.

तिसरा प्रश्न: ज्यांनी दरबारची नोकरी पत्करली त्यांचे काय? त्यांना कमी समजण्याचे कारण नाही. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ तंजावूरच्या दरबारात चाकरीला होते. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमाची जी मांडणी आपण पाहतो ती त्यांनी बसविली. पगारी नोकरीतही माणूस मोठे काम करतो, हे आपण रेल्वेवाल्यांनी तरी विसरू नये. पण ह्या चौघांपैकी वडिवेलू पुढे तंजावूर सोडून त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ राजांच्या पदरी गेले. दरबारची पक्की नोकरीही कोणाला जन्मभर धरून ठेवतेच असे नाही.

आणि त्या नोकरीचा पक्केपणा तरी किती? नोकरी देणारा राजा स्वतः कोणाच्या पगारावर होता ते पाहा. 1799 च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे किल्ला उरला, वर्षाला एक लाख पागोडे आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढी नेमणूक मिळाली. दरबारातल्या प्रत्येक गवयाचा, चिताऱ्याचा, लेखकाचा पगार त्या नेमणुकीतून निघत होता. 1855 साली सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे वारले. गादीला मुलगा नाही, ह्या सबबीखाली कंपनीने संस्थान खालसा केले आणि वाड्यातली मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले. 1859 साली निकाल लागला की हे सरकारचे राजकीय कृत्य आहे, त्यात कोणत्याही न्यायालयाला हात घालता येणार नाही. मालकाच्या राणीलाच दाद मिळाली नाही, तेथे चाकरांनी कोणाकडे जावे?

बंधू-भगिनींनो, आज बाहेरची नोकरी घेताना हा धडा लक्षात ठेवा. जो तुम्हांला पगार देणार तो स्वतः कोणाच्या कंत्राटावर उभा आहे, ते कंत्राट किती वर्षांचे आहे, आणि ते संपल्यावर तुमचे काय, हे प्रथम विचारा. ठेकेदाराचा ठेका तीन वर्षांचा असेल तर तुमची नोकरी तीन वर्षांची. मग नेमणूकपत्रावर ‘कायम’ हा शब्द कितीही ठळक छापलेला असो.

आता पैशाचा हिशेब. आपले लोक पगार महिन्याने मोजतात. आमचे सांगणे आहे की तो तासाने मोजावा. उदाहरणादाखल आकडे घेऊ. एकाला 40,000 रुपये मिळतात. आठ तास ड्यूटी, जाण्यायेण्याचा एक तास, महिन्याचे 26 दिवस. म्हणजे 234 तास. तासाला सुमारे 171 रुपये पडले. बाहेरून 60,000 चे बोलावणे आले. बारा तास काम, जाण्यायेण्याचे दोन तास, महिन्याला 28 दिवस. म्हणजे 392 तास. तासाला सुमारे 153 रुपये. पगार दीडपट झाला असे घरात सांगितले जाईल, पण प्रत्यक्षात माणसाने स्वतःला पूर्वीपेक्षा स्वस्तात विकले. त्यातून क्वार्टर जाईल, त्याचे भाडे वजा करा. रेल्वेच्या दवाखान्याची सोय जाईल, म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधाचा खर्च वजा करा. पास जाईल, पीटीओ जाईल. मग राहिलेला आकडा घरच्यांपुढे ठेवा.

कागदांचाही विचार करावा. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1 जानेवारी 2004 पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. 20 वर्षांची पात्र सेवा भरल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन त्यांना स्वेच्छानिवृत्ती घेता येते. परंतु बाहेरच्या मालकाला घाई आहे म्हणून कोणी साधा राजीनामा लिहून दिला, तर नियमाप्रमाणे मागची सेवा जप्त होते आणि तिच्याबरोबर पेन्शनही. एका शब्दाने जन्माची कमाई जाते. 2004 नंतर लागलेल्यांना नवी पेन्शन योजना लागू झाली, आणि 1 एप्रिल 2025 पासून युनिफाइड पेन्शन योजनेचा पर्याय आला. मध्येच नोकरी सोडणाऱ्याला ह्यांतले काय मिळते आणि काय मिळत नाही, ते कार्यालयातून लेखी घेतल्याशिवाय कोणीही सही करू नये.

हिशेबाची आणखी एक बाजू आहे, ती रुपयांत बसत नाही. ती म्हणजे वेळ. काही लोक म्हणतात, घरी बसायला वेळ मागणे हा आळस आहे. त्यांना आपल्या चळवळीचा इतिहास ठाऊक नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 पासून जी मागणी लावून धरली तीत आठवड्याच्या सुट्टीची मागणी अग्रभागी होती, आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. रेल्वेचा 8 मे 1974 चा संप पगाराचा आणि बोनसचा होता तसाच तो आठ तासांचाही होता. चौदा-सोळा तास इंजिनावर उभे राहणाऱ्या माणसाने झोप मागितली, मुलांचे तोंड उजेडी पाहायला मागितले. त्यासाठी माणसे तुरुंगात गेली, क्वार्टरमधून बाहेर काढली गेली. इतके करून मिळविलेले तास दीडपट पगाराच्या आमिषाला परत देऊन टाकताना दहादा विचार करावा.

मग स्वतःचा धंदा काढावा काय? हे उत्तरही सोपे नाही. तंजावूरच्याच गल्ल्यांतून पाहावे. फणसाच्या लाकडाची वीणा कोरणारे, सोनेरी वर्खाची तंजावूर चित्रे काढणारे, मान डोलावणाऱ्या बाहुल्या करणारे कारागीर तेथे आजही आहेत. त्यांच्या मालाला भौगोलिक निर्देशनाची सरकारी मान्यताही मिळालेली आहे. वीणा करणाऱ्याला मस्टरवर सही करावी लागत नाही, सुपरवायझरची शिटी ऐकावी लागत नाही. काम घरात किंवा घराशेजारी, पोरगा शेजारी बसून शिकतो. हे सुख खरे आहे, आणि पुष्कळ पगारदार त्यासाठी झुरतात. पण लाकूड महागले तर तोटा त्याचा. गिऱ्हाईक आले नाही तर उपास त्याचा. डोळे अधू झाले तर त्याला पेन्शन नाही, हात कापला तर भरपाई नाही. मालक नसतो तेथे व्यापारी असतो, आणि व्यापारी पगाराची तारीख पाळायला बांधलेला नसतो.

शिवाय आपण होऊन पत्करलेला धंदा वेगळा आणि ढकलून लावलेला धंदा वेगळा. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर हजारो गिरणी कामगार कायमचे बाहेर फेकले गेले. कोणी वडापावची गाडी लावली, कोणी भाजी विकली. त्याला ‘स्वयंरोजगार’ असे गोंडस नाव देणारे पुष्कळ निघाले. आम्ही त्याला बेकारीच म्हणतो. हातात तिकीट आणि बदलीचा पर्याय असताना स्वतःच्या पायांवर उभे राहण्यासाठी जो बाहेर पडतो तो स्वतंत्र. ज्याला दार दाखवून बाहेर काढले तो नव्हे.

तरीही जो विचारपूर्वक धंद्यात जाऊ इच्छितो त्याला आमची संघटना अडविणार नाही. त्याने निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा. फंडाची सारी रक्कम दुकानात घालू नये. मुलीच्या लग्नाचे, मुलाच्या शिक्षणाचे पैसे भांडवल समजू नये. आणि नोकरीत असतानाच, रजेच्या दिवसांत, ते काम करून पाहावे. मात्र सेवानियमांप्रमाणे लागणारी परवानगी घेऊन. नोटीस दिल्यानंतर कळलेल्या अडचणींना उपाय नसतो.

धंद्यात गेलेला माणूस युनियनमधून कायमचा गेला असेही समजण्याचे कारण नाही. अहमदाबादेत 1972 साली ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना उभी राहिली. भाजीवाल्या, कपडे शिवणाऱ्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायका. मालकच नाही तर युनियन कसली, असा सवाल त्या वेळी नोंदणीच्या दारात उभा राहिला होता. इलाबेन भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले की युनियन मालकाविरुद्धच असते असे नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते. नोंदणी मिळाली. त्यांनी बचतीसाठी स्वतःची बँकही काढली. आमच्या महासंघाने ह्या वाटेचा अधिक गंभीरपणे विचार केला पाहिजे. स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला, फलाटावरचा हमाल, निवृत्त होऊन दुकान टाकलेला आपला सहकारी हे आपलेच आहेत. 2021 पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू आहे. ती करून देण्याचे काम आपल्या शाखांनी अंगावर घ्यावे. नोंदणीने पोट भरत नाही हे खरे, पण नाव कागदावर असल्याखेरीज मागणीही करता येत नाही.

कावेरीच्या ह्या खोऱ्यात आपल्या चळवळीची मुळे आहेत. नागपट्टणमचा रेल्वे वर्कशॉप त्रिचीजवळच्या गोल्डन रॉकला हलवताना साऊथ इंडियन रेल्वेने कारागिरांच्या परीक्षा घेऊन त्यांतल्या पुष्कळांना घरी बसविण्याचा बेत केला, तेव्हा जुलै 1928 मध्ये कामगारांनी संप केला. 5 सप्टेंबर 1946 रोजी गोल्डन रॉकला युनियनच्या माणसांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच कामगार प्राणांस मुकले. आज आपण ज्याला पक्की नोकरी म्हणतो तिचा पक्केपणा कोणा राजाने किंवा कंपनीने खुशीने दिलेला नाही. तो अशा माणसांनी मिळवून दिला आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. जास्त पगार घेणे हे पाप नव्हे. गरिबाच्या घरात पैसा आला पाहिजे, आणि तो कष्टाचा असेल तर त्याची लाज बाळगू नये. कमी पैशांत समाधानाने राहावे असे ज्याला वाटते तोही शहाणाच. फक्त निर्णय त्याचा स्वतःचा असला पाहिजे, भीतीने किंवा कर्जाने त्याच्याकडून करवून घेतलेला नसावा. राजाचे बोलावणे नाकारण्याची मोकळीक एका संताला मिळाली ती छपरामुळे, गावाच्या धान्यामुळे आणि त्याच्या श्रद्धेमुळे. श्रद्धा ज्याची त्याची. परंतु छप्पर, म्हातारपणाचे धान्य, आजारपणातले औषध आणि मुलांची शाळा ह्या गोष्टी प्रत्येक कामगाराला मिळवून देणे हे संघटनेचे काम आहे, मग तो रेल्वेच्या मस्टरवर असो, ठेकेदाराकडे असो की स्वतःच्या दुकानात. हे मिळाले की हो म्हणायचे का नाही, हे त्याचे तोच पाहील.

तोपर्यंत प्रत्येक शाखेने एवढे करावे. बाहेरचे बोलावणे आलेल्या सभासदाला एकटे सोडू नये. त्याचे करारपत्र सही होण्यापूर्वी शाखेत वाचले जावे. तासांचा हिशेब त्याच्यासोबत बसून मांडावा. पेन्शनचे नियम त्याला समजावून सांगावेत, आणि तो गेला तरी त्याचा पत्ता शाखेच्या वहीत राहावा. उद्या ठेका संपला, पगार थकला, तर त्याने पहिल्यांदा आपल्याच दारात यावे.